तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

हमरापूर हे गणपतीच्या मूर्तींचं गाव, तेव्हा साच्याचंच उदाहरण घेऊ. साच्यात खोट असली की ती प्रत्येक मूर्तीत उतरते; मूर्ती कितीही काढा.

आता सर्व्हरकडे वळू. हायपरकन्व्हर्ज्ड व्यवस्थेत वेगळी स्टोरेजची पेटी नसते. प्रत्येक सर्व्हरच्या डिस्क एकत्र धरून कुठे काय ठेवायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. व्हीएमवेअरचं २०१४ साली आलेलं व्हीसॅन हे त्याचं परिचित उदाहरण. तीन प्रती ठेवल्या तर ३० टेराबाइटमध्ये जेमतेम १० मावतात. शिवाय एखादा सर्व्हर पडला तर त्याच्यावरच्या प्रती पुन्हा उभ्या करायला मोकळी जागा राखावी लागते, ती वेगळीच.

हा हिशेब आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो 'तीन प्रती, म्हणजे सुरक्षित' या वाक्याला. प्रती डिस्कच्या मरणापासून वाचवतात, चुकीच्या आज्ञेपासून नाही. फाइल पुसली की तिन्ही प्रती जातात, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी ती वस्तू एकच आहे. संख्येनं तीन, अस्तित्वानं एक! म्हणून बॅकअप वेगळ्या व्यवस्थेत, वेगळ्या जागी हवा.

कुणी प्रती मोजून दाखवल्या, तर आपण एवढंच विचारावं : बॅकअपमधून फाइल परत आणून शेवटची कधी पाहिलीत?