चार एक्के आणि मूठभर शेंगदाणे

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून सोलापूरला आला, तो फराळाच्या आधीच पत्त्यांचा कॅट घेऊन बसला. म्हणाला, "काका, तीन पत्ती फार झाली. आता ओमाहा शिका."

ओमाहा नावाचं गाव अमेरिकेत आहे, एवढं ऐकून होतो. गावाच्या नावाची चादर असते हे सोलापूरकराला कळतं. गावाच्या नावाचा पत्त्यांचा डाव मात्र मला नवीन होता.

पैशांऐवजी शेंगदाणे लावायचे ठरले. प्रत्येकाला चार पानं. मध्ये सगळ्यांच्या मालकीची पाच पानं उघडायची: आधी तीन, मग एक, मग एक. हातातली बरोबर दोन आणि मधली बरोबर तीन घेऊन हात जुळवायचा.

पहिल्याच वाटपात मला चार एक्के! तीन पत्तीत तीन एक्के आले तरी माणूस पेढे वाटायला निघतो. मी चेहरा जमेल तेवढा पाडला आणि मूठ-मूठ शेंगदाणे पुढे सरकवले. शेवटी वहिनींनी हातातल्या दोन सत्त्या आणि मधली एक, अशा तीन सत्त्या दाखवल्या आणि ढीग ओढून नेला.

"काका, चार एक्के म्हणजे अगदी भिकार पानं," पुतण्या म्हणाला. "दोनच चालणार, दोन फुकट. आणि तिसरा एक्का मध्ये पडणार कुठून? सगळे तुमच्याच मुठीत!"

मग त्याने नवशिक्यांचं शास्त्र सांगितलं. चारही पानं एकमेकांच्या कामाला यावीत. लागोपाठची असावीत, नाहीतर दोन-दोन एका रंगाची. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात. प्रत्येकाकडेच सहा, म्हणून नुसता बरा हात पुरत नाही, सर्वांत वरचा लागतो. राजावर रंग जुळला, तरी एक्क्याचा रंग दुसऱ्याकडे असेल अशी धास्ती बाळगावी. आपली पाळी शेवटी असेल तेव्हा जास्त डाव खेळावेत, कारण बाकीच्यांचं आधी कळतं. आणि बहुतेक वेळा पानं टाकून द्यावीत.

यात खोट काढता येत नाही. सहा जोड्यांचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिला, बरोबर आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. हा सगळा उपदेश पानांना केलेला आहे, माणसाला नाही. चार पानांत काही ना काही बरं दिसतंच. चारदा टाकून पाचव्यांदा माणूस दुर्री-तिर्रीवरही छातीठोक लढतो. त्याला काय टाकावं हे सांगून भागत नाही. कधी उठावं हे सांगावं लागतं. त्याबद्दल शास्त्रात अवाक्षर नाही.

आमचे एक चुलते गिरणीत होते. तीन पत्तीत त्यांच्याइतकी पारख कुणाला नव्हती. पगाराच्या दिवशी चुलती गिरणीच्या फाटकाशी उभी राहायची. एका महिन्यात ती तापाने पडून होती. त्या दिवशी चुलते सायकलवर गेले आणि रात्री चालत आले. ते वाईट खेळले असं कुणीच म्हणालं नाही. ते उठले नाहीत, एवढंच.

पत्ते म्हणजे कौशल्य की नशीब, हा वाद जुना आहे. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्य आणि नशीब दोन्ही एका पंगतीला बसवले. चुलतीला या वादाशी कर्तव्य नव्हतं. तिला फक्त चुलते किती वाजता घरी येतात, हे हवं होतं.

त्या रात्री मीही सलग हरत होतो आणि "आता एकच डाव" म्हणत होतो. सहाव्यांदा म्हणालो तेव्हा सौ. पातेलं घेऊन बाहेर आली.

"उद्याच्या चटणीला शेंगदाणे लागतील," एवढंच म्हणाली, आणि वहिनींच्या ढिगासकट सगळे गोळा करून आत गेली.

डाव मोडला. नवशिक्यांसाठी इतकं अचूक तंत्र पुतण्याच्या यादीत कुठेच नव्हतं.