प्रयोग भिवंडीचा, गुणपत्रिका महाराष्ट्राची

दंगल झाली की सरकार आयोग नेमते. दंगल न झालेल्या गावाची चौकशी करायला आयोग नेमण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मे १९७०मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे उसळलेल्या दंगलींची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी न्या. श्रीकृष्ण आयोगाने केली. त्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. परंतु १९७०मध्ये आणि पुन्हा १९८४मध्ये पेटलेली भिवंडी त्या डिसेंबरात शांत राहिली. तिच्या शांततेची चौकशी एका पोलीस अधिकाऱ्याने केली. सुरेश खोपडे यांच्या ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकाच्या नावातच तो प्रश्न आहे.

या प्रश्नाला मिळालेले उत्तर पुढे महाराष्ट्रभर कसे पोहोचले आणि पोहोचताना त्यातून काय गळाले, याचा विचार मी येथे करणार आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथे पोलीस उपायुक्त असताना खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या; त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. समितीत दोन्ही समाजांची माणसे, सोबत त्या भागाचे पोलीस आणि ठरलेली बैठक. बोलणे बहुतेक रोजच्या अडचणींचे. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सहा शहरांच्या तीन जोड्या अभ्यासल्या आणि असे मांडले की, जेथे हिंदू-मुसलमान संघटनांमधून, व्यवसायांमधून एकत्र येतात तेथे अफवेची दंगल होत नाही. असे धागे पिढ्यान्‌पिढ्या विणावे लागतात, ही सर्वसाधारण समजूत. भिवंडीत ते चार-पाच वर्षांत, ठरवून विणले गेले, म्हणून वार्ष्णेयांनाही हे उदाहरण मोलाचे वाटले.

माझा आक्षेप येथून सुरू होतो. समितीला आपण यशाचे कारण मानतो. मला ती निमित्त वाटते. गुन्हा घडलेला नसताना हवालदाराला मोहल्ल्यात जाऊन बसण्याचे निमित्त समितीने दिले. एरवी पोलीस येतो तो कुणाला तरी न्यायला. महिनोन्‌महिने चहा पीत गटाराविषयी बोललेला हवालदार रात्री अफवा उठल्यावर कुणाचे दार वाजवायचे हे जाणतो, आणि दार उघडणाराही त्याला ओळखतो. ही ओळख कोणत्याही नोंदवहीत येत नाही. समितीची यादी मात्र येते, आणि जे नोंदवहीत येते त्याचीच नक्कल करता येते.

मुंबईत १९९४मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला एकता समित्या सुरू झाल्या. होरपळलेल्या वस्त्यांना पुन्हा बोलते करण्याचे त्यांचे काम मोठे आहे, हे निर्विवाद. पण भिवंडीत समित्या आग लागण्याआधी होत्या, मुंबईत त्या आगीनंतर आल्या. आणि त्यांच्यामागे आयुक्तांचे व प्रतिष्ठितांचे वजन होते. वजनाने समिती उभी राहते. ती टिकवायला खालच्या माणसाचा वेळ लागतो, आणि पोलीस खात्यात बदली ही नित्याची गोष्ट आहे.

खुद्द भिवंडीनेही पुढे वेगळा धडा दिला. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तेथे हिंसाचार झाला. पोलीस गोळीबारात दोघे आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मृत्युमुखी पडले. हा हिंदू-मुसलमानांचा तंटा नव्हता. पोलीस स्वतःच पक्षकार होते. ज्या रचनेत मध्यस्थ पोलीस आहे, तेथे पोलिसाशीच वाद झाला तर मध्यस्थ कुठून आणायचा? मूळ प्रयोगातील ही फट विस्ताराच्या उत्साहात कुणी फारशी तपासली नाही.

यानंतर राज्यव्यापी पाऊल पडले ते महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ रोजी तिचा प्रारंभ केला. ही भिवंडीची अधिकृत आवृत्ती नव्हे. तिचा साचा पाटलांनी ग्रामविकासमंत्री असताना २०००मध्ये सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून आलेला दिसतो : ग्रामसभा, समिती, मूल्यमापन, गुण, बक्षीस. कोर्टकचेरीत पिढ्या घालवणाऱ्या शेतकऱ्याला वकिलाच्या फीशिवाय बोलण्याची जागा तिने दिली, याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण गाव झाडलेले आहे की नाही हे परीक्षकाला डोळ्यांनी दिसते. तंटा मिटला की दाबला, हे कसे दिसणार?

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच अवघड होतो. मोहिमेचे एकक गाव. आमचे जगणे वाडीवाडीचे. एका ग्रामपंचायतीत दहा वाड्या, मध्ये ओढे, पाखाड्या आणि डोंगर. भांडणे गडग्याची, वहिवाटीची, सामाईक जमिनीची. सातबाऱ्यावर नावांची रांग, आणि त्यातली निम्मी माणसे मुंबईत चाकरीला. ती शिमग्याला आणि गणपतीला गावात असतात आणि पालखीच्या मानपानाचा वादही तेव्हाच पेटतो. घाटावरचे एकवट वसलेले गाव डोळ्यांपुढे ठेवून आखलेली समिती येथे बसते तेव्हा निम्मे पक्षकार दादर-परळला असतात.

शिवाय कोकणात तंटे मिटवणारी संस्था आधीपासून आहे, ती म्हणजे गावकी. तिने पुष्कळ भांडणे खरोखर मिटवली आहेत, आणि ऐकले नाही त्याला वाळीतही टाकले आहे. रायगड-रत्नागिरीतील वाळीत प्रकरणे हे २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यामागचे एक मोठे कारण होते. गावकीतलीच वजनदार मंडळी समितीत बसली की तिच्या जुन्या दबावाला शासनाचा शिक्का मिळतो. सासरी मार खाणाऱ्या बाईला ‘गावाचे बक्षीस जाईल’ असे सुनावणे हीसुद्धा हिंसाच आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला दाद मागण्याचा जो मार्ग दिला, तो समितीच्या ओट्यावर अडवला जाऊ नये. गुण मिटलेल्या तंट्यांना मिळतात. कोणी काय सोडून दिले, याचा रकाना त्या गुणपत्रिकेत नाही.

ही अडचण केवळ आपली नाही. शिकागोत २०००च्या सुमारास सुरू झालेल्या, वस्तीतल्याच माणसांना मध्यस्थ करणाऱ्या प्रयोगाची आवृत्ती बाल्टिमोरमध्ये २००७मध्ये निघाली. नियम तेच असूनही वस्तीगणिक निष्कर्ष वेगळे आले. बोस्टनमध्ये १९९६च्या प्रयोगानंतर तरुणांचे खून झपाट्याने घटले. पुढे तो मोडीत निघाला आणि खून पुन्हा वाढले. नियम कागदावर पाठवता येतात, पण ते पाळणाऱ्या माणसाचा शब्द वस्तीत चालावा लागतो, आणि तो पत त्याला तिथेच मिळवावी लागते.

मग विस्तार करूच नये काय? करावा, पण कशाचा, ते आधी ठरवावे. आमच्याकडे भिवंडीच्या हवालदाराच्या जवळ जाणारा माणूस आहे, तो म्हणजे पोलीस पाटील. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यानुसार नेमलेला आणि गावातच राहणारा. त्याला वाडीवाडीत जाऊन बसण्याचा वेळ आणि मानधन द्यावे. बैठक शिमग्याच्या आणि गणपतीच्या आधी, चाकरमान्यांना विचारून ठरवावी. पोलिसाविरुद्धची तक्रार ऐकणारा तिसरा कुणी असावा. बाईवरचा अत्याचार समितीपुढे आणूच नये. आणि गुणांचा रकाना काढून त्या जागी वर्षभराने दोन्ही पक्षांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारावा : तंटा मिटला, की तुम्ही गप्प बसलात?

फेब्रुवारी २०१५मध्ये आर. आर. पाटील गेले. मोहिमेचा पूर्वीचा जोर आज दिसत नाही. कित्येक गावांच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ ही पाटी अजून आहे. पाटीमागच्या गावात त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप घ्यायचे राहिले आहे, आणि तेवढे घेतल्याशिवाय पुढची मोहीम काढू नये.