आंब्यांची पेटी, फळांची पेटी

आंबा हे फळ. मग आंब्यांची पेटी ही फळांची पेटी का? आम्ही उलट विचारू, काढण्यासाठी की भरण्यासाठी? काढायचं असेल तर हो. हाताला येईल ते फळच असेल. भरायचं असेल तर नाही, कारण फळांच्या पेटीत पेरू चालतो, आंब्यांच्या पेटीत चालत नाही. प्रोग्रॅमिंगमधला ‘व्हेरियन्स’ तो हाच. (आमच्या नैयायिकांनी यावर रात्र जागवली असती!)

१९९६ साली आलेल्या जावाने ॲरेपुरतं सरसकट ‘हो’ म्हटलं. स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टचा ॲरे म्हणून चालतो. तेव्हा जेनेरिक्स नव्हती आणि कुठल्याही ॲरेवर चालणारं एकच फंक्शन लिहायची सोय हवी होती. पण अशा ॲरेत कुणी पूर्णांक ठेवला, तर कंपायलर गप्प. प्रोग्रॅम चालू असताना मात्र ‘ॲरेस्टोअरएक्सेप्शन’.

२००४ साली पाचव्या आवृत्तीत जेनेरिक्स आली आणि उत्तर फिरलं. स्ट्रिंगची लिस्ट ही ऑब्जेक्टची लिस्ट नाही. फक्त काढायचं असेल तर ‘एक्स्टेंड्स’, भरायचं असेल तर ‘सुपर’, असं आधी सांगा. हे आम्हाला पूर्ण मान्य. पण कंपाइल झालं की टाइपची ही माहिती पुसली जाते. समोर आलेल्या अनोळखी ऑब्जेक्टला ‘तू लिस्ट आहेस का?’ विचारता येतं. ‘स्ट्रिंगची लिस्ट आहेस का?’ हे नाही.

म्हणजे बघा, ॲरेचा पहारेकरी दारात ढिला आणि आत जागा. लिस्टचा दारात कडक आणि आत विसरभोळा. दोघांचं जमत नाही. म्हणून स्ट्रिंगच्या लिस्टांचा ॲरे जावा बनवूच देत नाही.

जुना कोड मोडू नये, हे समर्थन हलकं नाही. २००५ साली सी शार्पने ही माहिती रनटाइमपर्यंत राखली. त्यासाठी जुन्या कलेक्शन्सशेजारी नव्या उभ्या कराव्या लागल्या. (ॲरेची चूक मात्र त्यांनीही उचललीच.) आमच्या मते ती किंमत रास्त होती.

कुणी म्हणेल, चालू प्रोग्रॅमला टाइप विचारायचाच कशाला? जावातच पाहा. टाइप न सांगितलेल्या जुन्या धाटणीच्या लिस्टमार्गे पूर्णांक स्ट्रिंगच्या लिस्टमध्ये शिरतो. शिरताना कुणी अडवत नाही. भलत्याच फाइलमध्ये, भलत्याच माणसाने तो बाहेर काढला की प्रोग्रॅम कोसळतो. शिरला कुठून, ते शोधत बसा. कंपायलर ‘अनचेक्ड’ अशी सूचना आधी देतो, हे खरं. पण ती सूचना दाबून टाकायची खूणही त्याच पाचव्या आवृत्तीत दिलेली आहे.