'ग्रंथी', 'गाठ' आणि पीएसएची परिभाषा

वैद्यकीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा शब्द सुबोध की दुर्बोध, एवढ्याच कसोटीवर होत आली आहे. शब्दामुळे ऐकणाऱ्याचे अनुमान कोणत्या दिशेस वळते, हा प्रश्न मागेच पडतो. पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट या अवयवाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून केली जाणारी पीएसए ही रक्तचाचणी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

अवयवाच्या नावापासूनच घोटाळा सुरू होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुढे उभा असणारा'; 'पुरःस्थ ग्रंथी' हे त्याचेच भाषांतर होय. 'अष्ठीला' हा पर्याय आयुर्वेदातील 'वाताष्ठीला' या मूत्रविकाराची आठवण देतो, म्हणजे निरोगी अवयवास विकाराचे नाव मिळते. 'पौरुषग्रंथी' हे नाव तर शस्त्रक्रियेस संमती देऊ पाहणाऱ्या रुग्णास अकारण घाबरविणारे आहे.

परंतु मुख्य अडचण आहे ती उत्तरपदात. 'ग्रंथी' हे तत्सम रूप आणि 'गाठ' हे त्याचेच तद्भव. परिभाषेने पहिले अवयवाकडे ठेवले, व्यवहाराने दुसरे अर्बुदाकडे दिले. मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर रत्नागिरीकडील आपल्या गावी परतलेल्या वृद्धास 'ग्रंथी वाढली आहे' असे सांगितले असता तो घरी 'गाठ वाढली' म्हणून सांगेल, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकलेले नसेल. वस्तुतः उतारवयातील साधी वाढ हा कर्करोग नव्हे.

पीएसएच्या विस्तारातील 'स्पेसिफिक' या पदाचीही हीच गत. हे वैशिष्ट्य अवयवाचे आहे, रोगाचे नाही. वीर्य पातळ राखणारे हे प्रथिन निरोगी प्रोस्टेटही निर्माण करते. साध्या वाढीत व दाहातही रक्तातील त्याचे प्रमाण चढते. अमेरिकेत १९८६ मध्ये या चाचणीस मान्यता मिळाली ती निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यापुरती. निदानास साहाय्यक म्हणून मान्यता मिळाली १९९४ मध्ये. 'कर्करोगाची खूण' या रूढ शब्दप्रयोगातील षष्ठी म्हणूनच आक्षेपार्ह ठरते.

न्यायशास्त्राच्या भाषेत या खुणेवर अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे दोन्ही दोष येतात. प्रतिमिलिलिटर ४ नॅनोग्रॅम ही प्रचलित मर्यादा ओलांडणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना कर्करोग नसतो. उलट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मर्यादेच्या आत असलेल्या २,९५० पुरुषांच्या प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासले, तेव्हा १५.२ टक्क्यांत कर्करोग आढळला. अहवालावरील 'नॉर्मल' हा शब्द येथे फार मोठे आश्वासन देतो.

असे असले तरी चाचणी निरर्थक ठरत नाही. ५५ ते ६९ वर्षे वयाच्या पुरुषांवरील युरोपीय चाचणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३ वर्षांच्या निष्कर्षांत या रोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटलेले दिसतात; ४५६ जणांना बोलाविले तेव्हा एक मृत्यू टळला. दुसऱ्या बाजूस, आयुष्यभर त्रास न देणारे रोगही सापडतात, आणि त्यांच्या उपचाराने लघवीवरचा ताबा वा लैंगिक क्षमता जाण्याचा संभव असतो. हा लाभहानीचा हिशेब रुग्णापुढे मांडणे अवश्य आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात तपासणीसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचेच कर्करोग घेतले होते. प्रोस्टेट त्यात नसल्याने ही चाचणी पुष्कळदा खाजगी प्रयोगशाळेच्या 'पॅकेज'मधून, म्हणजे कोणाही वैद्याशी संभाषण न होताच, माणसाच्या हाती पडते.

अशा तपासणीस 'चाळणी' हा जुना घरगुती शब्द अधिक योग्य वाटतो. चाळणीवर राहिलेले सगळेच खडे नसतात आणि खालीही क्वचित खडा उतरतो, हे तांदूळ चाळणाऱ्या कोणासही ठाऊक असते. आणि 'पीएसए वाढले' एवढ्यावर न थांबता 'प्रोस्टेटचे प्रथिन रक्तात वाढले आहे, कारण अजून शोधावयाचे आहे' असे अहवालावर छापल्यास कागदाची अर्धी ओळच काय ती अधिक लागेल.