चूक आकडेमोडीत नव्हती, ‘मतदार कोण’ यात होती

24 जून 2025. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक. बहुतेक जनमत चाचण्यांत अँड्र्यू कुओमो पुढे होते. जिंकले झोहरान ममदानी, तेही पसंतीक्रमाच्या शेवटच्या फेरीत साधारण 56 विरुद्ध 44 टक्क्यांनी! एमर्सन कॉलेजच्या अखेरच्या चाचणीत ममदानी जिंकत होते, पण निसटते. पहिल्या फेरीत तिथेही कुओमोच पुढे.

तुम्ही म्हणाल, नमुना लहान असेल. पण नमुना वाढवून फक्त यादृच्छिक चूक घटते. चुकीच्याच लोकांना विचारलं, तर हजारांच्या जागी दहा हजार घेऊनही उपयोग नाही. चाचणी करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, मतदानाला येणार कोण? हा अंदाज बराचसा मागच्या निवडणुकांवरून बांधतात. इथे तरुण आणि नवे मतदार मोठ्या संख्येने आले. जुन्या साच्यात ते बसतच नव्हते. माझ्या मते खरी चूक इथे झाली.

म्हणून संशोधन प्रस्तावात नमुन्याचा आकार लिहिण्याआधी स्वतःला विचारा: माझी समष्टी कोणती, आणि तिच्यातून कोण सुटतंय? तुम्ही नाही विचारलंत, तर मुलाखतीत समिती विचारेलच.