हाशिमा : भिंती दिसतात, माणसं दिसत नाहीत

जपानमधलं, नागासाकीजवळचं हाशिमा बेट म्हणजे पडक्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्यांची पंढरीच. जेमतेम सव्वासहा हेक्टर जागा, भोवती तट, आत ओसाड उंच इमारती. मित्सुबिशीने १८९० मध्ये बेट विकत घेतलं आणि समुद्रतळाखालून कोळसा काढला. १९५९ मध्ये इथे पाच हजारांवर माणसं दाटीवाटीने राहत होती. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली, एप्रिलपर्यंत बेट रिकामं झालं.

या फोटोंखाली ‘काळाचा महिमा’ छापाचं बरंच लिहिलेलं असतं. माझा आक्षेप तिथेच आहे. हे बेट काळाने ओसाड केलं नाही. देशाने कोळसा सोडून तेलाची कास धरली, म्हणून ते ओसाड झालं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. २०१५ मध्ये युनेस्कोने हाशिमाला जागतिक वारशात घेतलं ते मेइजी काळातल्या उद्योगांपैकी एक म्हणून, आणि तो कालखंड १९१० पाशी थांबतो. आता बघा, तिथली प्रसिद्ध ३० नंबरची काँक्रीटची इमारत १९१६ ची. म्हणजे ज्या भिंती पाहून आपण हळहळतो, त्या या गौरवात बसतच नाहीत. आणि दुसऱ्या महायुद्धात जबरदस्तीने राबवलेले कोरियन, चिनी मजूरही आपोआप चौकटीबाहेर जातात. त्यांची हकीकत सांगू, असं आश्वासन जपानने तेव्हा दिलं होतं. २०२० मध्ये टोकियोत माहिती केंद्र उघडलं. ते पाहून २०२१ मध्ये वारसा समितीने तीव्र खेद नोंदवला. तारखा निवडल्या की माणसंही निवडली जातात, ती अशी.

हे आपल्यालाही लागू आहे. सिंगरेणीवर लिहिताना १८७१ मध्ये डॉ. किंग यांना येल्लंदूजवळ सापडलेला कोळसा, १८८६ ची हैदराबाद (डेक्कन) कंपनी, एवढं आपण न चुकता लिहितो. पण खाली कोण उतरत होतं, कुठल्या गावचं, काय मजुरीवर? पडक्या खाणीचे फोटो जरूर काढावेत. मात्र सोबत एक तरी जुना कामगार किंवा त्याच्या घरचं माणूस गाठून चार गोष्टी लिहून घ्याव्यात. भिंती अजून काही वर्षं उभ्या राहतील; सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत.