पर्ल हार्बरची ‘भूल’

भूलशास्त्राच्या वर्गात एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. जखमींना शस्त्रक्रियेसाठी थायोपेंटोन (म्हणजेच पेंटोथाल) शिरेतून देण्यात आले आणि बॉम्बपेक्षा जास्त माणसे या औषधानेच दगावली! गोष्ट चटका लावणारी आहे. म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी.

तिचे मूळ १९४३ साली ‘ॲनेस्थेसिऑलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात आलेल्या एका छोट्या लेखात आहे. लेखक होते होनोलुलूचे शल्यविशारद एफ. जे. हाल्फर्ड. युद्धातल्या जखमींना शिरेतून भूल देणे म्हणजे जणू दयामरणच, असा त्यांचा सूर होता. त्यापेक्षा जुना ईथर बरा, असे त्यांचे मत. लेखात कळकळ आहे, पण हिशेब नाही. किती जणांना औषध दिले, किती मात्रेत दिले, त्यांतले किती वाचले, हे कळल्याशिवाय दोष औषधाचा की मात्रेचा, हे कसे ठरवणार? पुढे ही गोष्ट कर्णोपकर्णी होत गेली आणि दर वेळी थोडी फुगली.

१९९५ साली एफ. ई. बेनेट्स यांनी खुल्या झालेल्या सरकारी नोंदी तपासल्या. ट्रिपलर लष्करी रुग्णालयात ३४४ जखमी दाखल झाले होते. त्यांपैकी १३ दगावले. त्यांतले थायोपेंटोनच्या जास्त मात्रेमुळे गेले असतील, तर फार थोडे. हल्ल्यातील अमेरिकन मृतांचा आकडा होता २४०३. ट्रिपलर हे तिथले एकमेव रुग्णालय नव्हते, हे खरे. पण ‘बॉम्बपेक्षा जास्त’ हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग हाल्फर्ड सर्वस्वी चुकले का? नाही. त्यांनी दाखवलेला धोका खरा होता. खूप रक्त गेले की शरीर ‘शॉक’मध्ये जाते. या शॉकचा विजेच्या धक्क्याशी संबंध नाही. कातडी, आतडी, स्नायू यांच्याकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उरलेले रक्त मुख्यतः मेंदू व हृदय यांच्याकडे वळते. निरोगी माणसात थायोपेंटोन सुमारे अर्ध्या मिनिटात मेंदूत पोहोचते आणि पाच-दहा मिनिटांत स्नायूंकडे पांगते, म्हणून जाग येते. शॉकमध्ये रक्त कमी, म्हणून औषध कमी पातळ होते. मेंदू आणि हृदय यांच्या वाट्याला ते जास्त येते. शिवाय ते आकसलेल्या वाहिन्या सैलावते आणि हृदयाचा जोर कमी करते. शरीराने कसाबसा सांभाळलेला रक्तदाब कोसळतो. त्यात अभिसरण मंदावल्यामुळे परिणाम उशिरा दिसतो आणि घाई करणारा डॉक्टर आणखी औषध टोचतो!

गंमत अशी, की हाल्फर्ड यांच्या लेखाला लागूनच, त्याच अंकात, गंभीर शॉकमधल्या गोळी लागलेल्या रुग्णाला हेच औषध थोडे थोडे करून दिल्याचा वृत्तान्त छापला होता. तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

काही जण म्हणतील, खोटी का असेना, या गोष्टीने डॉक्टरांना सावध तर केले. मला हे पटत नाही. ‘औषध घातक’ एवढेच शिकलेला माणूस पुढे ‘सुरक्षित औषध’ शोधतो आणि निर्धास्त होतो. आज अपघात विभागात केटामिन आणि एटोमिडेट वापरतात. त्यांनी रक्तदाब सहसा टिकतो. पण थकून गेलेल्या शरीरात केटामिननेही तो घसरू शकतो आणि एटोमिडेट अधिवृक्क ग्रंथींचे काम काही काळ दाबते. कोणते औषध, याइतकेच कोणत्या अवस्थेतल्या रुग्णाला, किती आणि किती सावकाश, हेही महत्त्वाचे.

शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी; पण आधी फुगवलेली, मग नोंदींसह. ‘३४४ पैकी १३’ हे फळ्यावर लिहून विचारावे, की यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही? पर्ल हार्बरला जखमींना भूल दिली गेली. भूल पडली ती पुढच्या पिढ्यांना, ऐकीव गोष्टीची.